प्लेऑफला कोण जाणार हे कोणी ठरवायचं: समिती, कॉम्प्युटर की मैदान?

७ डिसेंबर २०२५, रविवार. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या (सॉकर नव्हे, अमेरिकन फुटबॉल) बारा संघांच्या प्लेऑफची यादी जाहीर झाली आणि नोटर डेम बाहेर राहिला. त्यांच्या खात्यावर १० विजय, २ पराभव. मायामीच्या खात्यावरही १० विजय, २ पराभव. मायामी आत. दोघांची गाठ हंगामाच्या सुरुवातीलाच, ३१ ऑगस्टला पडली होती आणि ती लढत मायामीने २७-२४ अशी जिंकली होती. एवढंच वाचलं तर निर्णय सरळ वाटतो. पण त्याआधी दर मंगळवारी निवड समिती जी क्रमवारी जाहीर करत होती, तिच्यात नोटर डेम सतत मायामीच्या वरच होता. शेवटच्या मंगळवारी नोटर डेम दहावा, मायामी बारावा. त्यानंतरच्या शनिवारी दोघांपैकी एकही संघ मैदानात उतरला नाही, आणि तरीही रविवारी क्रम उलटला.

समितीने कारण दिलं: अकराव्या क्रमांकावरचा ब्रिगम यंगचा संघ (बीवाययू) शनिवारी हरून खाली घसरला, त्यामुळे हे दोघे शेजारी-शेजारी आले, आणि शेजारी आल्यावर आपसातली लढत जमेस धरली. म्हणजे ऑगस्टमधल्या निकालाला डिसेंबरच्या पहिल्या रविवारी किंमत आली, तीही तिसऱ्याच एका संघाच्या पराभवामुळे.

माझ्या मते मायामीला घेणं बरोबरच होतं, पण ज्या वाटेने हा निर्णय झाला ती वाट चुकीची आहे. अमेरिकेत शिकायला गेलेली, तिथेच स्थिरावलेली बरीच मराठी मंडळी ओहायो स्टेट, पर्ड्यू, टेक्सास ए अँड एम अशा विद्यापीठांची माजी विद्यार्थी आहेत, आणि डिसेंबर आला की हा वाद त्यांच्याही घरात शिरतो. कुठल्या पद्धतीच्या बाजूने उभं राहायचं हे ज्यांना ठरवायचंय त्यांच्यासाठी हा आढावा.

मुळात गुणतक्ता का चालत नाही?

आयपीएलमध्ये दहा संघ, प्रत्येकाच्या चौदा साखळी लढती. गुणतक्ता लागतो, पहिले चार पुढे जातात, गुण सारखे झाले तर नेट रनरेट. निवड समितीची गरजच पडत नाही. कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च विभागात २०२५ साली १३६ संघ होते आणि साखळीत प्रत्येकाच्या वाट्याला साधारण बारा लढती. खेळ इतका अंगावर येणारा की आठवड्याला एकापेक्षा जास्त लढती शक्यच नाहीत. त्यामुळे बहुतेक संघ एकमेकांसमोर कधी येतच नाहीत. हे संघ कॉन्फरन्स नावाच्या गटांत विभागलेले असतात. बिग टेन या एकाच कॉन्फरन्समध्ये अठरा संघ आहेत आणि प्रत्येकाला कॉन्फरन्सच्या नऊच लढती मिळतात. २०२४ मध्ये इंडियानाने साखळीत अकरा लढती जिंकल्या, एक हरली. पण त्याच कॉन्फरन्समधल्या ओरेगन आणि पेन स्टेटशी त्यांची गाठच पडली नाही. अशा अकरा विजयांची किंमत किती, आणि कठीण कार्यक्रम खेळून तीन लढती हरलेल्या अलाबामाच्या नऊ विजयांची किती? सगळी भांडणं इथून सुरू होतात.

याच्या जोडीला दुसरा प्रश्न येतो, आणि माझ्या मते तोच खरा आहे. आपल्याला आज सर्वांत ताकदवान दिसणारे संघ हवेत, की हंगामभर ज्यांनी सर्वांत जास्त कमावलं ते? एकेक पद्धत तपासताना हा प्रश्न हाताशी ठेवावा, कारण पुष्कळ वाद होतात ते दोन बाजू दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात म्हणून.

मतदान

ही सर्वांत जुनी पद्धत, आणि तिच्यावर फार वेळ घालवायची गरज नाही. असोसिएटेड प्रेसचं पत्रकारांचं मतदान १९३६ पासून चालू आहे, प्रशिक्षकांचं १९५० पासून. कित्येक दशकं राष्ट्रीय विजेता या मतांवरच ठरायचा, आणि दोन मतपेट्यांतून दोन विजेते निघायचे. १९९७ मध्ये पत्रकारांनी मिशिगनला निवडलं, प्रशिक्षकांनी नेब्रास्काला. दोघेही अपराजित, आणि एकमेकांशी कधीच खेळले नाहीत.

प्रशिक्षकांच्या मतदानातला दोष उघड आहे. शनिवारी संध्याकाळपर्यंत स्वतःच्या संघात बुडालेला माणूस इतर शंभर संघ कधी बघणार? शिवाय त्याचं हित त्यात गुंतलेलं. २००६ मध्ये ओहायो स्टेटचा प्रतिस्पर्धी मिशिगन की फ्लोरिडा, हे अखेरच्या मतदानावर ठरणार होतं, आणि मतदारांत खुद्द ओहायो स्टेटचे प्रशिक्षक जिम ट्रेसेल होते. त्यांनी मत द्यायचं नाकारलं. ते योग्यच वागले, पण पद्धतीने त्यांना त्या जागी आणून बसवलंच कशाला? त्याआधी २००४ मध्ये टेक्सासच्या प्रशिक्षकांनी उघडपणे मतदारांना साकडं घातलं आणि शेवटच्या आठवड्यात टेक्सासने कॅलिफोर्नियाला मागे टाकून रोझ बोल गाठला (बोल म्हणजे हंगामाअखेरचा मानाचा सामना). त्या हंगामानंतर असोसिएटेड प्रेसने आपली क्रमवारी निवडीसाठी वापरू द्यायचं बंद केलं. आमचं काम बातमी देण्याचं आहे, बातमी घडवण्याचं नाही, ही त्यांची भूमिका मला पटते.

कॉम्प्युटर

१९९८ ते २०१३ या काळात बीसीएस नावाची पद्धत होती. मतदान आणि कॉम्प्युटरच्या क्रमवाऱ्या एका सूत्रात बसवायच्या आणि पहिल्या दोघांना अंतिम सामना द्यायचा. शेवटच्या काही वर्षांत वाटणी सरळ होती: एक तृतीयांश प्रशिक्षकांचं मत, एक तृतीयांश हॅरिस नावाचं दुसरं एक मतदान, एक तृतीयांश कॉम्प्युटर. कॉम्प्युटरच्या सहा क्रमवाऱ्यांपैकी सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा काढून उरलेल्या चारांची सरासरी घ्यायची.

कॉम्प्युटरचा मोठा गुण म्हणजे त्याला विद्यापीठाच्या नावाशी काही देणंघेणं नसतं. २०१७ मध्ये सेंट्रल फ्लोरिडाने सगळ्या लढती जिंकल्या, तरी समितीने त्यांना बारावं ठेवलं, आणि प्लेऑफ तेव्हा चार संघांचा होता. मग त्यांनी पीच बोलमध्ये ऑबर्नला ३४-२७ असं हरवलं. हा तोच ऑबर्न, ज्याने त्या हंगामात अलाबामा आणि जॉर्जिया या दोघांना हरवलं होतं, आणि राष्ट्रीय अंतिम सामना खेळले ते अलाबामा आणि जॉर्जियाच. वेस कॉली यांच्या क्रमवारीने (बीसीएसच्या त्या सहांपैकी एक) हंगामाअखेर सेंट्रल फ्लोरिडाला पहिला क्रमांक दिला. तेवढं धाडस माणसांच्या कुठल्याच मुख्य क्रमवारीने दाखवलं नाही.

पण सूत्राला सूत्राचे दोष आहेत. २००१ मध्ये कोलोरॅडोने नेब्रास्काला ६२-३६ असं झोडपलं. नेब्रास्का आपल्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यातही नव्हता. तरी सूत्राने त्यालाच राष्ट्रीय अंतिम सामन्यात पाठवलं, आणि मतदानात दुसरा असलेला ओरेगन घरी बसला. मायामीने नेब्रास्काला ३७-१४ असं हरवलं. पुढच्याच वर्षी नियम बदलला: विजयाचं अंतर कॉम्प्युटरने मोजायचं नाही. हेतू चांगला होता, कारण दुबळ्या संघावर विनाकारण गुणांचा पाऊस पाडायला कोणाला उत्तेजन नको. पण एका गुणाने जिंकलेला आणि चाळीस गुणांनी जिंकलेला सामना सारखाच मानायचा म्हटलं की बारा लढतींतून आधीच थोडी असलेली माहिती आणखी आटते. क्रमवारी करणारे जेफ सगारिन बीसीएसला एक यादी द्यायचे आणि अंतर धरून केलेली, पुढच्या निकालांचा अंदाज बांधणारी दुसरी यादी वेगळी ठेवायचे.

मला सर्वांत बोलकी वाटते ती २०१० ची घटना. हंगामाची अखेरची क्रमवारी जाहीर झाली: लुइझियाना स्टेट दहावा, बॉइझी स्टेट अकरावा. जेरी पाम नावाचे एक अभ्यासक हीच गणितं स्वतः करून बघायचे. त्यांच्या लक्षात आलं की कॉली यांच्या माहितीत एक सामना भरलेलाच नाही. सामना होता खालच्या विभागाच्या बाद फेरीतला, ॲपलाचियन स्टेट विरुद्ध वेस्टर्न इलिनॉय. ज्या दोघांचा क्रम ठरायचा त्यांच्याशी त्याचा थेट संबंध शून्य. पण तो भरल्यावर बॉइझी दहावा झाला, लुइझियाना अकरावा.

ही गोष्ट अनेक जण कॉम्प्युटरच्या विरोधात सांगतात. मी ती त्याच्या बाजूने सांगेन. कॉली यांचं सूत्र जाहीर होतं, म्हणून चूक सापडली आणि दुरुस्त झाली. बाकीच्या पाचांची सूत्रं गुप्त होती. त्यांत काय काय राहून गेलं असेल ते कोणी तपासूच शकत नव्हतं. दोष होता तो गुप्ततेत. कॉलेज आइस हॉकीकडे बघा. तिथे वर्षानुवर्षं पुरुषांच्या सोळा संघांच्या स्पर्धेसाठी पेअरवाइज नावाची जाहीर तुलना वापरली गेली. घोषणा व्हायच्या आत चाहत्यांना संघ माहीत असायचे, कारण गणित कोणीही घरी करू शकत होतं. हॉकीत लढती तिपटीच्या घरात असतात, त्यामुळे तिथलं सूत्र फुटबॉलपेक्षा जास्त भक्कम पायावर उभं असतं हे मात्र मान्य करायला हवं.

समिती

२०१४ च्या हंगामापासून तेरा जणांची समिती निवड करते. विद्यापीठांचे क्रीडा संचालक, माजी प्रशिक्षक, माजी खेळाडू, पत्रकार. ते टेक्सासमधल्या ग्रेपव्हाइनच्या एका हॉटेलात भरतात, आणि ज्या विद्यापीठाशी आपला संबंध आहे त्याची चर्चा निघाली की त्या सदस्याने खोलीबाहेर जायचं असतं. नियम सांगतात त्या कसोट्या समंजस आहेत: कॉन्फरन्सचं विजेतेपद, कार्यक्रमाचा कस, आपसातली लढत, दोघांनी खेळलेल्या समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचे निकाल. महत्त्वाचा खेळाडू उपलब्ध नसणं हेही त्यात येतं. कशाला किती वजन, हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही.

समितीचं समर्थन मन लावून ऐकावं असं आहे. माणसाला दिसतं ते आकड्याला दिसत नाही. कोणाचा सामना मुसळधार पावसात झाला, कोणाचा विजय शेवटी दुसऱ्या फळीतल्या खेळाडूंमुळे निसटता दिसतोय पण खरं तर तिसऱ्या सत्रातच पक्का झाला होता, हे माणूस ओळखतो. आणि समितीचे काही वादग्रस्त निर्णय पुढे खरे ठरले. २०१७ मध्ये कॉन्फरन्स न जिंकलेल्या अलाबामाला घेतलं, त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं.

पण दोन हंगाम शेजारी ठेवून बघा.

२०१४: ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक (संघाच्या चढाईचा सूत्रधार) जे. टी. बॅरेट साखळीच्या शेवटच्या सामन्यात जायबंदी झाला. मुळात तोही दुसऱ्या पसंतीचा होता. आता पाळी आली तिसऱ्या पसंतीच्या कार्डेल जोन्सची. बिग टेनच्या अंतिम सामन्यात ओहायो स्टेटने विस्कॉन्सिनला ५९-० असं लोळवलं. समितीने त्यांना पाचव्यावरून चौथ्यावर आणलं. त्यासाठी तिसरा असलेला टीसीयू (टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठ) सहाव्यावर गेला, तोही आपला शेवटचा सामना ५५-३ असा जिंकून. ओहायो स्टेटने ती स्पर्धा जिंकली.

२०२३: फ्लोरिडा स्टेटचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस १८ नोव्हेंबरला पाय मोडून बाहेर पडला. पुढचा सामना त्यांनी दुसऱ्या पसंतीच्या क्वार्टरबॅकला घेऊन फ्लोरिडाविरुद्ध जिंकला. एसीसी या त्यांच्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात तिसऱ्या पसंतीचा, पहिल्याच वर्षाचा मुलगा उतरला आणि बचावफळीच्या जोरावर त्यांनी लुइव्हिलला १६-६ असं हरवलं. १३ विजय, पराभव एकही नाही, मोठ्या कॉन्फरन्सचं विजेतेपद. समितीने त्यांना पाचवं ठेवलं आणि एक पराभव झालेल्या अलाबामाला चौथी जागा दिली. कारण: क्वार्टरबॅकशिवाय हा संघ आता पूर्वीचा राहिलेला नाही.

एका वर्षी तिसऱ्या क्वार्टरबॅकने जिंकून दिलं म्हणून बढती, दुसऱ्या वर्षी तिसऱ्या क्वार्टरबॅकने जिंकून दिलं तरी बाहेर. ५९-० आणि १६-६ यांत फरक आहेच, पण सामना जिंकण्यासाठी किती गुणांनी जिंकावं लागतं हे कुठल्या नियमात लिहिलंय? ट्रॅव्हिसने तेव्हा जाहीरपणे लिहिलं होतं की माझा पाय हंगामात आणखी आधी मोडला असता तर बरं झालं असतं, म्हणजे हा संघ केवळ माझा नाही हे सगळ्यांना दिसलं असतं. वीस-बावीस वर्षांच्या मुलावर असं म्हणायची वेळ आणणारी पद्धत मला कधीच मान्य होणार नाही. पुढे ऑरेंज बोलमध्ये जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटला ६३-३ असं हरवलं, आणि समितीचे समर्थक तो आकडा पुढे करतात. त्या दिवशी फ्लोरिडा स्टेटच्या संघातले दोन डझनांहून जास्त खेळाडू खेळतच नव्हते, हे ते सांगत नाहीत.

२०२५ मध्येही तेच. कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात अलाबामा जॉर्जियाकडून २८-७ असा हरला आणि नवव्या क्रमांकावरच राहिला. बीवाययू त्याच दिवशी टेक्सास टेककडून ३४-७ असा हरला आणि अकराव्यावरून बाराव्यावर गेला. दोन्ही निर्णयांची स्वतंत्र कारणं देता येतील. पण दोन्ही एकाच बैठकीत, एकाच तराजूने झाले असं मला कोणी पटवून दाखवावं.

कॉन्फरन्सच्या विजेत्याला थेट प्रवेश

ही पद्धत मला मुळापासून आवडते, कारण तिच्यात खेळाडूला ऑगस्टमध्येच कळतं की काय केलं म्हणजे आपण पोचलो. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये हेच आहे. २०१० च्या हंगामात सिएटल सीहॉक्स ७ विजय, ९ पराभव अशा नामुष्कीच्या हिशेबाने आपल्या गटात पहिला आला, नियमाप्रमाणे बाद फेरीत गेला, आणि ११ विजय मिळवलेल्या, आदल्या वर्षीच्या विजेत्या न्यू ऑर्लिन्स सेंट्सना ४१-३६ असं हरवलं. नियमाबद्दल नाराजी होती, पण कोणावर पक्षपाताचा आरोप झाला नाही.

कॉलेज फुटबॉलने २०२४ आणि २०२५ मध्ये बारा संघांच्या प्लेऑफमध्ये याचा अर्धा स्वीकार केला: क्रमवारीत सर्वांत वर असलेल्या पाच कॉन्फरन्स विजेत्यांना जागा, बाकी सात जागा क्रमवारीप्रमाणे. पहिल्या वर्षी चार विजेत्यांना पहिल्या फेरीत पुढे चालही दिली. त्यामुळे क्रमवारीत नववा बॉइझी स्टेट आणि बारावा ॲरिझोना स्टेट तिसऱ्या-चौथ्या मानांकनाने बसले. चारही पुढे चाल मिळालेले संघ उपांत्यपूर्व फेरीत हरले आणि २०२५ पासून मानांकन सरळ क्रमवारीवर नेलं. हा बदल मला योग्य वाटतो. जागा कमावणं वेगळं आणि मानांकन वेगळं. पहिलं विजेतेपदाने मिळावं, दुसरं ताकदीने.

थेट प्रवेशातली खरी अडचण २०२५ च्या एसीसीने दाखवली, आणि या पद्धतीच्या बाजूने उभं राहणाऱ्याने ती टाळून पुढे जाऊ नये. व्हर्जिनिया पहिला आला. दुसऱ्या जागेसाठी पाच संघ ६ विजय, २ पराभव अशा बरोबरीत, त्यांत मायामी आणि ड्यूक. सतरा संघांची कॉन्फरन्स, प्रत्येकाच्या आठ लढती, त्यामुळे पाचही जण एकमेकांशी खेळलेले नव्हते. बरोबरी सोडवण्याचे नियम उतरत उतरत प्रतिस्पर्ध्यांच्या कॉन्फरन्समधल्या विजयांच्या टक्केवारीपर्यंत गेले आणि ड्यूकचा नंबर लागला. ड्यूकने अंतिम सामना जादा वेळेत जिंकला. विजेता ठरला तो ८ विजय, ५ पराभवांचा संघ. आणि कॉन्फरन्समधला सर्वांत ताकदवान मायामी त्या अंतिम सामन्यात नव्हताच.

पाच विजेत्यांच्या नियमाने इथे लाज राखली. ड्यूकच्या वर क्रमवारीत ट्युलेन आणि जेम्स मॅडिसन हे छोट्या कॉन्फरन्सचे दोन विजेते होते, त्यांना जागा मिळाली. ट्युलेनने तर सप्टेंबरमध्ये ड्यूकला हरवलेलंही होतं. पुढे ट्युलेन ओल मिसकडून ४१-१० असा आणि जेम्स मॅडिसन ओरेगनकडून ५१-३४ असा हरला, आणि छोट्यांना कशाला घेता असा ओरडा झाला. पण आदल्या वर्षी मोठ्या घरचा टेनेसी ओहायो स्टेटकडून ४२-१७ असा हरला, तेव्हा मोठ्या घरच्यांना कशाला घेता असं कोणी विचारलं नव्हतं.

राखीव जागा

थेट प्रवेशाच्याच नावाखाली २०२५ मध्ये बिग टेनकडून एक वेगळा प्रस्ताव आला. सोळा संघ करायचे. मोठ्या कॉन्फरन्सपैकी चार जागा बिग टेनच्या, चार एसईसीच्या (अलाबामा-जॉर्जियाची कॉन्फरन्स), दोन एसीसीच्या, दोन बिग ट्वेल्व्हच्या, एक बाकीच्यांतल्या सर्वोत्तम विजेत्याची, उरलेल्या तीन खुल्या. यात बिग टेनचा चौथा संघ हंगाम सुरू व्हायच्या आधीच आत असतो, फक्त त्याचं नाव ठरायचं असतं. विजेत्याची जागा आणि कॉन्फरन्सची जागा यांतला फरक ओळखायला शिका. वादात दोन्हींना एकाच नावाने पुढे केलं जातं. पहिली मैदानावर मिळते, दुसरी वाटाघाटीत. पैशाचं गणितही त्यामागे आहे: २०२४ आणि २०२५ च्या प्लेऑफमध्ये एक संघ आत गेला की त्याच्या कॉन्फरन्सला ४० लाख डॉलर मिळायचे, उपांत्यपूर्व फेरी गाठली की आणखी ४० लाख, पुढे प्रत्येक टप्प्याला ६० लाख. चार जागा राखून घेणं म्हणजे ते उत्पन्नही आधीच राखून घेणं. मी याच्या पूर्ण विरोधात आहे.

आणि फक्त संख्या वाढवली म्हणजे भांडण मिटतं, यावरही विश्वास ठेवू नका. दोन संघ होते तेव्हा तिसरा रडला, चार झाले तेव्हा पाचवा, बारा झाल्यावर नोटर डेम. संख्या वाढल्याचा फायदा एकच, पण तो मोठा आहे: आता बाहेर राहणारा संघ बहुतेक वेळा दोन पराभव झालेला असतो, तेरा विजय मिळवलेला अपराजित नाही.

मग कोणी काय निवडावं?

तुमच्यासाठी या खेळातली मजा म्हणजे जानेवारीतले सामने असतील, सर्वांत तगडे बारा संघ बघायचे असतील आणि कोण कसा आला याच्याशी फारसं कर्तव्य नसेल, तर समिती वाईट नाही. ती ताकद बऱ्यापैकी ओळखते. नोटर डेमचे चाहते असाल तर लक्षात ठेवा की तुमचा संघ फुटबॉलमध्ये कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नाही. विजेत्यांच्या जागा वाढतील तशी तुमची वाट अरुंद होणार, पण लेखी सूत्र असेल तर निदान आधीपासून कळेल की कोणाशी खेळलं पाहिजे. छोट्या कॉन्फरन्समधल्या विद्यापीठात तुमचं कोणी शिकत असेल तर २०२४-२५ मधल्या पाच विजेत्यांच्या नियमाचा आग्रह सोडू नका. सेंट्रल फ्लोरिडाला जे मिळालं नाही ते त्याच नियमामुळे जेम्स मॅडिसनला मिळालं. आणि अलाबामा-जॉर्जियाच्या बाजूचे असाल तर तुमची तक्रारही खोटी नाही: कठीण प्रतिस्पर्ध्यांशी खेळून हरण्याची शिक्षा होत असेल तर पुढचे कार्यक्रम सोपे होत जातील. २०२४ मध्ये बाहेर राहिल्यावर अलाबामाच्या क्रीडा संचालकांनी नेमकं हेच जाहीरपणे बोलून दाखवलं. त्यावर उपाय हवा तर पराभवाची किंमत प्रतिस्पर्ध्याप्रमाणे किती कमी होते, हे आकड्यात लिहून द्या. समितीच्या मर्जीवर तो उपाय टिकत नाही.

मला विचाराल तर बारा संघ पुरेत. पाच जागा कॉन्फरन्सच्या विजेत्यांना, आणि ते पाच कोणते हे समितीच्या क्रमवारीने नव्हे तर जाहीर सूत्राने ठरावं. उरलेल्या सात जागाही त्याच सूत्राने. सूत्र हंगामाच्या आधी छापून द्यायचं आणि हंगाम चालू असताना त्याला हात लावायचा नाही. त्यात प्रतिस्पर्ध्याचा कस असावा, सामना कोणाच्या मैदानावर झाला ते असावं, विजयाचं अंतर एका मर्यादेपर्यंत, समजा तीन टचडाउनपर्यंत (साधारण एकवीस गुण), धरावं. म्हणजे एका गुणाचा आणि वीस गुणांचा फरक दिसेल आणि त्यापुढे कोणाला चेचण्यात फायदा उरणार नाही. कोण जायबंदी आहे हा मुद्दा निवडीत अजिबात नको. समिती राहू द्या, पण तिचं काम माहिती तपासण्याचं, रद्द झालेल्या सामन्यांबाबत निर्णय देण्याचं आणि मानांकनात एखाद-दुसऱ्या जागेचा फरक करण्याचं.

आपसातल्या लढतीचा नियमही शब्दात लिहिलेला हवा. शेवटच्या जागेसाठी सारखेच पराभव झालेले दोन संघ झगडत असतील आणि ते एकमेकांशी खेळलेले असतील, तर जिंकलेला संघ जाईल. मधे तिसरा कोणी आहे की नाही हे बघायचं नाही. असा नियम असता तर नोटर डेमला ३१ ऑगस्टच्या रात्रीच कळलं असतं की मायामीपेक्षा एक तरी पराभव कमी ठेवावा लागेल. फक्त तिघांचं चक्र झालं तर हा नियम अडतो. २००८ मध्ये बिग ट्वेल्व्हच्या दक्षिण गटात टेक्सासने ओक्लाहोमाला ४५-३५ असं हरवलं, टेक्सास टेकने टेक्सासला ३९-३३ असं, आणि ओक्लाहोमाने टेक्सास टेकला ६५-२१ असं. तिघांचा प्रत्येकी एकच पराभव. तेव्हा बीसीएसच्या क्रमवारीने निकाल लावला आणि ओक्लाहोमा पुढे गेला. टेक्सासचे लोक अजून ४५-३५ चा आकडा विसरलेले नाहीत. अशा चक्रात आपसातले तिन्ही निकाल बाजूला ठेवून पूर्ण हंगामाचं सूत्रच लावावं, आणि तसं लावणार हे पहिल्या सामन्याच्या आधी तिघांनाही लेखी दिलेलं असावं.